सात नंबरची हाक

मशीन पुन्हा सुरू झालं. पंखा घुमला, डिस्क खरखरली आणि मग काहीच नाही. तिनं मनात वीसपर्यंत मोजलं. एरवी दहाच्या आत तो सपाट, घाईघाईचा आवाज सुरू व्हायचा आणि पडद्यावर काय लिहिलंय ते सांगायचा. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. तो आवाज नसला, की पडदा असून नसल्यासारखा.

साडेदहा झाले होते. एका साक्षीदाराची जबानी एक वाजेपर्यंत न्यायालयाच्या कचेरीत पोचायला हवी होती, अडीचला सुनावणी. ध्वनिमुद्रण ऐकून जबान्या टाइप करणं हे तिचं काम. अकरा पानं झाली होती, चार उरली होती. पण सकाळी कचेरीनं कळवलं, की आजपासून जुन्या सिस्टिमवरून फायली घेणार नाही. म्हणून नाइलाजानं तिनं मशीनवर लिनक्स या सिस्टिमची नवी आवृत्ती चढवली, आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

मशीनमधलं, आवाज काढणारं साउंड कार्ड वीस-बावीस वर्षांचं होतं. ते बदलायची सोय नव्हती, कारण तिचं पायपेडल त्याच्याच मागच्या खाचेत बसायचं. पाय दाबला की ध्वनिमुद्रण थांबायचं, मागं जायचं. असली जुनी कार्डं सिस्टिमला आपण होऊन सापडत नाहीत. कार्ड कोणत्या नंबरानं मशीनला हाक मारतं, ते हातानं सांगावं लागतं. तो नंबर लिहिलेली फाईल नव्या आवृत्तीनं पुसून टाकली होती, आणि नऊ वर्षांपूर्वी एका मैत्रिणीनं घातलेला नंबर तिला काही केल्या आठवेना. चुकीचा दिला तर मशीन जागच्या जागी गोठायचं, आणि मग अकरा पानांचं काय होईल, देव जाणे.

फोन वाजला. कचेरीतल्या बाई होत्या.

"होतंय ना? नाहीतर आत्ताच सांगा, दुसऱ्या कुणाला देते. साहेब आधीच म्हणत होते—"

"काय म्हणत होते?"

"जाऊ द्या. एक वाजता."

न दिसणाऱ्या बाईला असलं काम द्यायचंच कशाला, हेच साहेब म्हणत असणार, हे तिला न सांगता कळलं.

नवरा बस घेऊन गावाबाहेर गेला होता. गाडी चालवताना तो फोन बंद ठेवायचा. घरात फक्त सासरे होते. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. अठ्ठावीस वर्षं त्यांनी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते. मग कॉम्प्युटर आले आणि छापखान्याला टाळं लागलं. तेव्हापासून ते या खोलीत पाऊल टाकत नसत, आणि मशीनला 'डबा' म्हणत. सुनेशी बोलणं "जेवलीस का?" एवढ्यापुरतं.

ती दारात जाऊन उभी राहिली. "बाबा, जरा आत येता? पडद्यावरचं वाचून हवंय."

पान उलटायचं थांबलं. "मला त्या डब्यातलं काही कळत नाही."

"कळायला नकोय. अक्षरं वाचा फक्त. इंग्रजी."

मग खुर्ची सरकली.

तिनं अंदाजानं नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला, बहुधा पाचच असेल म्हणून नंबर पाच देऊन कार्ड चालवणारा ड्रायव्हर चढवायचा हुकूम टाइप केला.

"मी काय लिहिलंय ते आधी वाचा. सगळं, टिंबंसुद्धा."

"टिंबं गाळायला मी काय काल कामाला लागलो?" असं म्हणून ते वाचू लागले. एकेक अक्षर, एकेक मोकळी जागा. एकदा म्हणाले, "इथं दोन जागा सुटल्यात, एक हवी." तिनं दुरुस्त केलं, बटण दाबलं. मशीन गोठलं नाही, पण सासऱ्यांनी उत्तर वाचलं: असं उपकरणच नाही.

"आता?"

"आता पेटी उघडायची."

मशीन बंद करून, वायर काढून तिनं स्क्रू सोडवले. कार्डावर बारीक पिनांच्या चार जोड्या होत्या आणि त्यातल्या एकीवर प्लास्टिकची इवलीशी टोपी. कुठल्या जोडीवर टोपी, त्यावर नंबर ठरायचा. बोटांना टोपी लागली: तिसरी जोडी. शेजारी छापलेला आकडा मात्र बोटांना कसा लागणार? सासरे भिंग घेऊन आले. त्यांचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता.

"इतका बारीक टाइप आम्हीसुद्धा वापरला नाही," ते पुटपुटले. "एक... नाही. थांब. वर आडवी रेघ आहे. सात."

"नक्की?"

"सात!"

सव्वाअकरा. पेटी उघडीच ठेवून तिनं मशीन चालू केलं, सात दिला. सासऱ्यांनी वाचलं, की सात नंबर कामात आहे. मग कुठला नंबर कोण वापरतंय, त्याची यादी तिनं मागवली. ते ओळीनं वाचत आले आणि सातापाशी थांबले: "पी, ए, आर, पी, ओ, आर, टी, मग शून्य."

"प्रिंटरची खाच! मेला प्रिंटर तीन वर्षांत वापरला नाही आणि नंबर अडवून बसलाय!"

प्रिंटरचा ड्रायव्हर काढला, पुन्हा सात दिला. सासरे म्हणाले, "काही बोललं नाही. नुसती नवी ओळ."

"काही बोललं नाही म्हणजे झालं!"

पण कानात अजून शांतताच. पावणेबारा वाजले. फोन पुन्हा वाजत होता. तिनं उचलला नाही.

"सूनबाई," सासरे हळूच म्हणाले, "छपाई कोरी आली, की आम्ही आधी शाई बघायचो. खिळे नंतर."

ती दचकली. आवाजाची पातळी! तिनं पातळीचा पडदा उघडला. "काय दिसतं?"

"उभे खांब. रिकामे. खाली शून्य, शून्य."

तिनं वरचा बाण दाबून धरला. "भरतोय," ते म्हणाले. "वीस. चाळीस. साठ. पुढचा खांबही रिकामा आहे." तोही भरला. मग तिनं पडदा वाचणारा प्रोग्रॅम सुरू करायचा हुकूम दिला आणि तो रुक्ष आवाज इतक्या जोरानं ओरडला, की सासऱ्यांच्या हातातलं भिंग पडलं.

पुढं तिनं मान वर केली नाही. पायाखाली पेडल, बोटांखाली कळा. बारा पन्नासला पंधरावं पान संपलं. पुन्हा ऐकायला वेळ नव्हता.

"बाबा, शेवटची चार पानं डोळ्यांखालून घाला."

ते मराठी झरझर वाचत गेले. मग अडखळले. "अंधार होता म्हणून मी त्याचा चेहरा पाहिला. हे कसं? अंधार होता म्हणून पाहिला?"

तिनं पेडलनं ध्वनिमुद्रण मागं नेलं. साक्षीदार खोकत होता, आणि खोकल्याच्या आत, अगदी पुसट, एक शब्द होता. नाही. पाहिला नाही. दुसऱ्यांदा ऐकलं. तोच शब्द. तो तिनं लिहिला. त्या जबानीवर कोठडीतल्या एका माणसाचं घरी जाणं अवलंबून होतं.

बारा सत्तावन्नला फाईल गेली. पाच मिनिटांनी कचेरीतल्या बाईंचा फोन आला. "पोचली," एवढंच म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

ती खुर्चीला टेकून बसली. सगळं अंग घामानं भिजलं होतं. सासरे खाली वाकून भिंग शोधत होते.

"फुटलं का हो, बाबा?"

"कडेचा कपचा उडालाय. चालेल," ते म्हणाले. मग तिथंच, तिच्या शेजारी स्टुलावर बसले. "तो सात नंबर कुठंतरी नीट लिहून ठेवायला हवा. सांग, कुठं काय लिहायचं. मी वाचतो."