तिसरा आघाततरंग

त्याने कोटाच्या बाहीवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री टेकवली. पलीकडच्या खोलीत बायको आरशासमोर उभी राहून भाषणाची तालीम करत होती.

“सूर्याकडून सुटलेला कणांचा वारा ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो, तेव्हा वाटेत आघाततरंग उभा राहतो. आमच्या यानाने तो आठवड्यात पाच वेळा ओलांडला.”

आमच्या म्हणे! तोंडाने आमच्या म्हणायचं आणि टाळ्या एकटीने घ्यायच्या. यानावरचा चुंबकमापक त्याने अकरा वर्षं तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. ऑफिसात त्याला ‘होकायंत्र’ अशीच हाक पडायची. त्या मापकाच्या आकड्यांतून तरंग शोधले मात्र बायकोने, आणि गेल्या शुक्रवारी संचालक सगळ्यांदेखत म्हणाले, “बाईंचे तरंग.” आभाराच्या यादीत होकायंत्राचा नंबर चौदावा. तेव्हापासून त्याच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावर कुठल्या दुकानात गोळी मिळत नव्हती.

शनिवारी तिने जेवणाच्या टेबलावर पाच आलेख मांडले होते. प्रत्येकात क्षेत्राची रेघ एकदम उडी मारून वर गेलेली. तिसऱ्यावर त्याचं बोट थांबलं. ही उडी त्याने झोपेतही ओळखली असती. यानातला हीटर सुरू झाला, की त्याच्या तारांतल्या प्रवाहाने मापक फसायचा आणि रेघ नेमकी एवढीच चढायची. खऱ्या तरंगात कणांचा वेगही पडतो. पण त्या काही मिनिटांत कण मोजणारं यंत्र बंद होतं, म्हणून तिला शंका आली नसावी. परिषदेत मात्र एकापेक्षा एक जाणकार बसलेले असतात. एकाने जरी हे पकडलं, तर उरलेल्या चारांवरही कुणी विश्वास ठेवणार नव्हतं.

“छान आहे,” म्हणून त्याने बोट उचललं होतं. त्याला आता चार दिवस झाले होते.

“आणि हा तिसरा,” आत बायको म्हणाली आणि थांबली. आरशातूनच तिने त्याच्याकडे पाहिलं. “कसा वाटतोय?”

“बाहीची सुरकुती जात नाहीये,” तो म्हणाला.

इस्त्रीचा लाल दिवा विझला, पुन्हा लागला. त्याला सभागृह दिसत होतं. मागच्या रांगेतून वर झालेला एक हात आणि तिचा खर्रकन उतरलेला चेहरा. बघताना बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर गुदगुल्या झाल्या. मग तो चेहरा बराच वेळ समोरून हलेना, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. ती बॅग घेऊन दाराशी आली आणि कोटासाठी हात पुढे केला. त्याने कोट सोडला नाही.

“तिसरा काढून टाक. तो हीटर आहे.”

बोलून टाकल्यावर त्याला हलकं वाटलं. आपलं मन काही अगदीच लहान नाही, असंही क्षणभर वाटून गेलं.

“सोमवारीच काढला,” ती म्हणाली. “हीटरची वेळ तुझ्याच नोंदवहीत आहे.”

“मग तालमीत पाच कसे?”

“शनिवारी तुझं बोट तिथे थांबलं होतं ना. म्हटलं, बघू या कधी सांगतोस.”

तिने त्याच्या हातातून कोट सोडवून घेतला आणि जिना उतरू लागली.

“इस्त्री चालूच राहिलीय,” वळणावरून तिचा आवाज आला. “बंद कर.”