सातव्या हातोड्यावरची रेघ

जबाब देतो की, मी सटवा, धंदा वेल्डिंग, दुकान गेवराई बायपासला. मयत राधाकिशन हा माझी बहीण छबू हिचा नवरा. त्यानं चालत्या मशीनचं झाकण उघडून

खोडा, सटवा म्हणाला.

हवालदारानं खोडलं. शेजारी गूळ कारखान्याचा फोरमन हनुमान बसला होता. वाक्य त्यानंच वाटेत पढवलं होतं. झाकण बंद होतं. आतून भोसकल्यासारखं फाटलेलं ते सटवानं पाहिलं होतं.

छबू ठाण्याच्या दारात बसलेली. तिचं एकच मागणं होतं: त्यांनी झाकण उघडलं न्हाई, एवढं लिहा. गावात बोलणं सुरू झालं होतं, की प्यालेला असेल.

पुन्हा.

जबाब देतो की, त्या मशीनमधले ऊस कुटणारे लोखंडी हातोडे झिजतात, म्हणून त्यांच्या तोंडावर मी कडक वेल्डिंगचा थर चढवतो. आधी जुना थर घासून मूळ लोखंड उघडं करतो

हेही खोडा, सटवा म्हणाला. छत्तीसपैकी पस्तीसांचं केलं होतं. सातव्याचं नाही. हाताला मुंग्या आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, हत्यारं पुजायची, चालवायची नाहीत. त्यानं जुन्यावरच नवा थर ओढला. सकाळी त्याच्या बायकोनं, ताराबाईनं, छत्तीस हातोड्यांना कुंकू लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणी. लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पूड फवारायची. चिरेत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. बारीक आडव्या चिरा चालतात. सातव्यावर थराच्या काठानं लांब रेघ उमटली; ती चालत नाही.

हनुमाननं पाहिलं. म्हणाला, कुंकू हाय. सटवा म्हणाला, कुंकूच. देवीनंच पास केला म्हणा, असं म्हणून दोघं हसले. पुसून पुन्हा रंग लावायला दहा मिनिटं लागली असती.

गाळपाच्या चौथ्या दिवशी तो थर सुटला. झाकण फोडून बाहेर आला. समोर ऊस सारायला राधाकिशन उभा होता. ते काम त्याला सटवानंच लावून दिलं होतं.

पुन्हा.

हनुमान कानाशी वाकला. "मेलेल्याला काय फरक पडतो बे? तू जिता हायस."

सटवानं दाराकडं पाहिलं नाही.

"लिहा. झाकण बंद होतं. राधाकिशनची काई चूक न्हाई. तुकडा माज्या हातचा. चीर मला दिसली होती."

पेन चालत राहिला. हनुमान उठून बाहेर गेला, छबूला ओलांडून.

छबू आत आली. चेहऱ्यावर आधी सुटल्यासारखं काहीतरी होतं. मग ती थांबली.

"कवा दिसली, दादा?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी."

"त्या दिशी ते तुज्याकडं जेवायला आलते."

"हो."

"तू काई बोलला न्हाईस."

"न्हाई."

हवालदारानं विचारलं, हेही लिहायचं का. छबू परत दारात जाऊन बसली, तेव्हा त्यानं लिहिलं.