दोनशे चौदा नंबरची नळी

“हे काय आहे, तेलमास्तर?”

नव्या साहेबांनी टॉर्चचा झोत दोनशे चौदा नंबरच्या बंदुकीवर धरला. तेलमास्तरने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. नळीवर लालसर डाग होता, अंगठ्याएवढा.

“गंज आहे, साहेब.”

“ते मलाही दिसतंय. आला कसा, ते विचारतोय. एकतीस वर्षं इथं काय करत होतात तुम्ही?”

तेलमास्तर एकतीस वर्षं काय करत होता, हे त्याच्या बायकोलाही नीटसं सांगता आलं नसतं. शस्त्रागाराच्या बिनखिडकीच्या खोलीत चारशे बंदुका ओळीने उभ्या. एका टोकाला सुरुवात करायची, जुनं तेल पुसायचं, नळीत गज फिरवायचा, चिंधीला जेमतेम ओल येईल इतकंच नवं तेल घेऊन हात फिरवायचा. तीन महिन्यांनी दुसरं टोक आलं, की पहिल्या टोकाची पाळी पुन्हा आलेली असायची. त्यातली एकही बंदूक त्याने कधी उडवली नव्हती. उडवणारे आले, बढत्या घेऊन गेले. हा तेल लावत राहिला. आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

एक मात्र होतं. उघड्या हाताने त्याने पोलादाला कधी स्पर्श केला नाही. घाम खारट. बोट टेकलं की तेल सरकतं, घाम राहतो आणि महिनाभरात बोटाच्या रेषांसकट गंज उमटतो. म्हणून सुती हातमोजे. बायको ते दर आठवड्याला वेगळ्या बादलीत धुवायची आणि म्हणायची, “अहो, यातलं चमचाभर तेल माझ्या शिवणयंत्राच्या वाट्याला आलं असतं, तर ते तुमच्या गुडघ्यांसारखं वाजत नसतं.”

निवृत्तीला आठ दिवस उरले होते. बढती त्याने मागितली नव्हती आणि ती मिळालीही नव्हती. तेवढ्या एका बाबतीत खातं त्याच्याशी प्रामाणिक राहिलं. पण सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नव्हता. कोऱ्या पानानिशी बाहेर पडायचं, एवढाच त्याचा हट्ट होता.

“सोमवारी चौकशी,” साहेब म्हणाले. “तोवर ही अशीच राहू द्या. हात लावायचा नाही.”

साहेबांचे बूट जिन्यावर वाजेनासे झाले, तशी नोंदवही सांभाळणारी कारकूनबाई भिंग घेऊन नळीवर वाकली.

“मास्तर, इकडे या. ठशाच्या मधोमध आडवी कोरी रेघ दिसते?”

“दिसते.”

“मोजा काढा बघू. आहे का तुमच्या अंगठ्यावर अशी?”

नव्हती.

“साहेबांच्या आहे. जुन्या जखमेचा वण. सह्या घेताना रोज बघते मी. तुम्ही महिन्यापूर्वी रजेवर होतात ना, त्या दिवशी पाहुण्यांपुढे मिरवायला त्यांनीच काढली होती ही. ठेवलीही त्यांनीच.”

बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा. एकतीस वर्षांतली ती मोजून अकरावी रजा.

“सोमवारी सांगाल हे?”

“सांगेन की! पण हा ठसा समोर असेल तरच. नाहीतर साहेबांपुढे माझं कोण ऐकतंय? दोन दिवस कळ काढा. आणि आधी ती चिंधी खाली ठेवा हातातली!”

शनिवारी त्याचं जेवणात लक्ष नव्हतं.

“अहो, बंदूकच आहे ना ती? तापात निजलेलं पोर असल्यासारखं काय करताय?”

“गंज थांबत नसतो गं. आत उतरतो. एकदा खड्डा पडला की नळी कामातून गेली.”

“आणि तुम्ही कामातून गेलात म्हणजे?”

तो हात धुवायला उठला.

रविवारी दुपारी त्याने पहारेकऱ्याला सांगितलं, चष्मा आत राहिलाय. चष्मा नाकावरच होता. पहारेकऱ्याने तेवढी माणुसकी दाखवली, की वर बघितलंच नाही.

डाग पसरला होता, की त्यालाच तसं वाटलं, कोण जाणे. तो दोनदा दारापर्यंत जाऊन परत आला. मग मोजे चढवले, तारेची बारीक घासणी तेलात बुडवली आणि हळूहळू घासायला लागला. आधी बोटाच्या रेषा गेल्या. मग ती कोरी रेघ. सगळ्यात शेवटी लाली. खड्डा पडला नव्हता.

“वाचलीस,” तो बंदुकीला म्हणाला.

उद्या काय सांगायचं, हे त्याला त्यानंतर आठवलं.

सोमवारी साहेबांनी बंदूक मोकळ्या हाताने उचलली, टॉर्चच्या झोतात फिरवून फिरवून बघितली.

“डाग कुठाय?”

“काढला, साहेब.”

“हात लावू नका म्हटलं होतं ना?”

“गंज होता, साहेब.”

“म्हणजे पुरावा पुसलात!”

कारकूनबाईने तोंड उघडलं, चकचकीत नळीकडे बघितलं आणि तोंड मिटलं. साहेबांनी कागद पुढे सरकवला. हलगर्जीपणा, आणि वर आदेशाचा भंग.

“शुक्रवारी घरीच जायचंय तुम्हाला. एका शेऱ्याने काय बिघडतंय?”

“दोन आहेत, साहेब,” तेलमास्तर म्हणाला आणि त्याने सही केली.

साहेब बंदूक टेबलावर ठेवून निघून गेले. नळीवरच्या ताज्या तेलात अंगठा स्पष्ट उठला होता. मधोमध आडवी कोरी रेघ.

“मास्तर!” बाई ताडकन उठली. “हात लावू नका! बोलावते मी त्यांना, आत्ता, सगळ्यांसमोर...”

ती दारापर्यंत पोचली आणि वळली. तेलमास्तरने मोजे चढवले होते.

“घाम फार आहे हो त्यांच्या हाताला,” तो म्हणाला आणि त्याने चिंधी फिरवली.

मग दोनशे चौदा जागेवर उभी करून त्याने दोनशे पंधरा खाली घेतली.