मास्तरांची फरशी

फरशी बसवणाऱ्या बायका तशा बोटांवर मोजण्याइतक्याच, आणि त्यांतही ओळंबासारखी एखादीच. ओळंबा म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायला गवंडी वरून सोडतात ती वजन बांधलेली दोरी. बापाच्या हाताखाली ती काम शिकत होती तेव्हा तिथल्याच कुणीतरी हे नाव तिला चिकटवलं, ते कायमचं. ती उभी राहायची सरळ, बोलायची सरळ, आणि कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी आधी जमिनीकडे बघायची, मग माणसांकडे. पंचवीस वर्षांत तिने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नसे.

मास्तरांच्या लेकीने तिला फोन केला तो याच ख्यातीमुळे.

"ताई, आईबाबांच्या घरातली फरशी उपटून काढा आणि नीट बसवा. बाबांनी स्वतः बसवलीय ती. आईला आता जवळजवळ दिसत नाही. परवा माझ्याकडे आली होती तर हॉलमध्ये पडली. माझ्या आरशासारख्या फरशीवर जर पडते, तर तिकडे त्या खाचखळग्यांत तिचं काय होईल?"

ओळंबाला हे पटलं. ती दुसऱ्याच दिवशी दुपारी गेली. गल्ली पेंगत होती. उन्हाने भिंती इतक्या फिकट झाल्या होत्या की त्यांच्यातून आरपार दिसेल असं वाटावं. दार मास्तरांनी उघडलं. शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. अंगकाठी बारीक, चष्मा कपाळावर, आणि सदऱ्याच्या बाहीवर सिमेंटचा वाळलेला डाग.

घर म्हणजे पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि मधे लांबच लांब बोळ. बोळाला डावीकडे झोपायची खोली, मग एक खिडकी, शेवटाला उजवीकडे न्हाणीघर. पाइप बदलताना बोळातली जुनी फरशी फुटली होती. मास्तरांनी दोन कारागिरांना विचारलं. एक म्हणाला, एवढंसं काम आम्ही घेत नाही. दुसऱ्याने येतो म्हणून सांगितलं आणि तो अजून यायचा आहे. तेव्हा मास्तर म्हणाले, त्यात काय एवढं, आणि दुकानातून उरल्यासुरल्या फरश्या आणून बसले. तीन रंगांच्या, दोन जाडींच्या. तीन महिने गुडघ्यांवर होते.

ओळंबाने खाली बघितलं. ती फरशी नव्हती, ठिगळं लावलेली गोधडी होती. काही फरश्या मान वर काढून बसल्या होत्या, काही खचल्या होत्या, आणि सांध्यांच्या रेघा दारू प्यायल्यासारख्या भिंतीकडे निघाल्या होत्या.

"काका, कोणी बसवली ही?" तिला माहीत होतं, तरी तिने विचारलं.

"होता एक जण," मास्तर म्हणाले.

"त्याला पुन्हा बोलवू नका."

"नाही बोलवणार," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

ती उकिडवी बसली आणि थापीच्या दांड्याने एकेक फरशी वाजवत पुढे सरकली. खाली सिमेंट-वाळूचा माल नीट भरलेला असला की आवाज घट्ट येतो, नसला की बद्द. निम्म्या फरश्या बद्द वाजत होत्या. स्वयंपाकघराच्या तोंडाशी तिने तळहात टेकला तर तिथे गार लागलं, ओलसर.

"वाकडं एक वेळ चालेल काका, पण खाली पाणी मुरतंय. पाइपचा सांधा गळतोय. वर्षभरात सगळी फरशी उचलली जाईल. काढावीच लागणार."

"मला वाटलं, पुसताना पाणी राहतं," मास्तर पुटपुटले.

त्या दिवशी तिने स्वयंपाकघराच्या तोंडाच्या सहा फरश्या काढल्या. छिन्नी लावायचा अवकाश, वहीची पानं सुटावीत तशा त्या सुटल्या. खालची जागा तिने वाळूने सारखी केली आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी उघडत होती तेव्हा काकू खोलीतून बाहेर आल्या. लहानखुऱ्या, केस चापूनचोपून बांधलेले, पाय अनवाणी. गेली दोन वर्षं त्यांना सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसे. उजेड कळे, माणूस कळत नसे. पण चालताना त्यांचा हात भिंतीला नव्हता. देवळातून दर्शन घेऊन निवांत परतावं तशा त्या चालत होत्या. खिडकीशी आल्यावर त्यांनी न बघता हात पुढे केला आणि गज धरून क्षणभर उन्हात तोंड धरलं. मग पुढे निघाल्या. आणि जिथे फरश्या काढल्या होत्या तिथे एकदम थांबल्या. बोलता बोलता एखादा शब्द आठवेनासा व्हावा, तसा त्यांचा चेहरा झाला.

"बोलकी कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"कोण, काकू?"

"इथे बोलकी आहे. तिच्यावर पाय पडला की डुब्ब म्हणते. मग मी उजवीकडे वळते." त्यांनी पाय पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. "आता मला कळत नाही मी कुठे आहे."

ओळंबाने उठून त्यांचा हात धरला. काकूंना तिने खोलीत नेऊन बसवलं आणि स्वतःही बाजूला बसली, हे तिच्या स्वभावात नव्हतं. कामाच्या वेळी ती कुणाजवळ बसत नसे.

"बोलकीच्या आधी काय असतं, काकू?"

"दारातून बाहेर पडलं की दोन थंडगार," काकू डोळे मिटून सांगू लागल्या, जणू दूरच्या गावाची वाट सांगत होत्या. "मग एक खरखरीत. मग टेकडी. लहानशीच, टाचेला लागते. टेकडी उतरली की जमीन डावीकडे झुकते, पाण्याने बोलवावं तशी. तिथे खिडकी. सकाळी तिथली एक फरशी ऊबदार असते, तिच्यावर मी उभी राहते. मग तळं, म्हणजे खोलगट आहे जरा. मग बोलकी." त्या हसल्या. "लेकीकडे यातलं काहीच नाही. सगळीकडे सारखंच. तिथे मी एका जागी उभी राहिले आणि मला वाटलं, आपण कुठेच नाही आहोत. मग पडले."

ओळंबाने बाहेर येऊन चपला काढल्या, खोलीच्या दारात उभी राहिली आणि डोळे मिटले.

हजारो फरश्या तिच्या हातांखालून गेल्या होत्या, पण पायांनी तिने कधी एकही वाचली नव्हती. दोन थंडगार लागल्या, मग खरखरीत. टेकडीवर पाय पडला तेव्हा तिला हसू आलं, कारण डोळ्यांना नखाएवढा दिसणारा तो उंचवटा पायाला खरोखर टेकडीएवढा लागला. मग जमीन झुकली. बंद पापण्यांवर तांबूस उजेड आला, आणि कुणीतरी अलगद कोपर धरून न्यावं तशी ती खिडकीकडे वळली. ऊबदार फरशी पायांखाली आली. बाहेर लांबवर कुणीतरी गादी झोडपत होतं. ते आवाज एकामागून एक येत राहिले आणि तिला वाटलं, आपण या घरात लहानपणापासून राहतो आहोत आणि आता कुणीतरी आपल्याला आतून हाक मारणार आहे.

डोळे उघडले तर समोर मास्तर उभे. हातात पाण्याचा तांब्या.

"काका," ती म्हणाली, "फरशी काढावी लागेलच. पण आहे तशीच परत बसवू."

मास्तरांना आधी ती चेष्टा वाटली. मग तिने भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणली आणि प्रत्येक फरशी दोरीखाली किती आहे ते मोजायला लागली, तेव्हा ते धावत जाऊन चौकटींची वही घेऊन आले. माप आगपेटीच्या काडीच्या जाडीचं. ती सांगे, "तिसरी ओळ, दुसरी, वर दोन काड्या, डावीकडे झुकलेली," आणि मास्तर वळणदार अक्षरात लिहीत. आधी काढलेल्या सहा धरून चौऱ्याऐंशी फरश्या होत्या; त्या सहांची मापं काकूंनी पायांच्या आठवणीने सांगितली. प्रत्येकीच्या पाठीवर आकडा पडला.

फरशी निघाल्यावर तिने प्लंबरला बोलावलं.

"म्हणजे तुम्हीसुद्धा माणूस बोलावता?" मास्तरांनी विचारलं. त्यांना त्यात जरा बरं वाटलेलं दिसलं.

"पाइप माझा नाही, काका. ज्याचं काम त्याने करावं."

सांधा बदलला, जमीन चार दिवस वाळली आणि ओळंबा बसवायला बसली. तेव्हा तिला कळलं की आयुष्यात इतकं अवघड काम तिने केलेलं नाही. हात ऐकत नव्हता. फरशी वाकडी ठेवली की नकळत अंगठा तिला सरळ करी. दहा वेळा मांडली, दहा वेळा सरळ झाली. शेवटी मास्तर तिच्याशेजारी गुडघे टेकून बसले.

"सरका जरा," ते म्हणाले. त्यांनी फरशी ठेवली, वरून मूठ मारली आणि ती झोकात तिरकी बसली.

"कसं केलंत?"

"काहीच केलं नाही. मी तर सरळच ठेवली."

त्यानंतर वाटणी झाली. खालचा माल ओळंबा भरायची, घट्ट, कुठे केसाएवढी पोकळी न ठेवता. आणि वरून फरशी टेकवायचे मास्तर. वहीत बघून ती काडी मोजायची आणि लागलं तर एखादा ठोका द्यायची. दिवस असे गेले की कुठला सोमवार आणि कुठला गुरुवार ते दोघांनाही सांगता आलं नसतं. ऊन खिडकीतून आत येई, बोळातून हळूहळू सरके आणि भिंतीवर चढून निघून जाई.

बोलकीपाशी मात्र ओळंबा अडली. बद्द वाजणारी फरशी जाणूनबुजून बसवायची म्हणजे तिच्या बापाने ज्या कारणासाठी माणसं कामावरून हाकलली तेच करायचं. तिने हात धुतले, बाहेर उभी राहून आली, आणि मग चार कोपऱ्यांना मालाचे चार भक्कम गोळे देऊन मधे पोकळी ठेवली.

काकूंना आणलं. त्यांनी पाय ठेवला. डुब्ब.

"ही ती नाही," काकू म्हणाल्या. पुन्हा पाय ठेवला. "हिचा आवाज तरुण आहे." टाचेने त्यांनी तिला एकदा थोपटलं. "असू दे. होईल ओळख."

मग न्हाणीघराच्या दारातल्या फरशीच्या जागेकडे पाऊल वळवून त्या म्हणाल्या, "एवढी एक मात्र नीट बसव गं पोरी. हिला रोज अंगठा ठेचतो माझा."

मास्तर उठून उभे राहिले. "रोज? मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"अगं, लगेच काढली असती मी."

"तुम्ही ती बसवत होतात तेव्हा गुणगुणत होतात," काकू म्हणाल्या. "किती वर्षांनी. म्हटलं, राहू दे."

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुसतच राहिले. ओळंबाने ती फरशी त्यांच्याकडे न देता स्वतः घेतली आणि दाराच्या चौकटीशी बरोबर पातळीत बसवली. सबंध बोळात सरळ अशी ती एकटीच.

शनिवारी लेक आली. दारातून आत पाऊल टाकल्या टाकल्या तिचा चेहरा उतरला.

"ताई, हे काय? तुमचं नाव ऐकून बोलावलं तुम्हाला. हे तर होतं तसंच आहे."

ओळंबाला कुणी कधी असं बोललं नव्हतं. तिचे कान तापले. "खाली पक्कं आहे," ती म्हणाली. "गळती थांबलीय. एकही फरशी हलणार नाही."

"पण वर बघा ना."

तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून चहाचं तबक घेऊन निघाल्या. चार कप. लेक पुढे धावली, तर मास्तरांनी तिचा दंड धरला. डुब्ब आवाज आला, काकू बोळात वळल्या. तळं ओलांडलं, खिडकीशी मान किंचित वळवून ऊन चेहऱ्यावर घेतलं आणि टेकडी चढून उतरल्या. कपातला चहा बशीत सांडला नाही. पुढच्या खोलीत येऊन त्यांनी तबक टेबलावर ठेवलं.

"साखर घातलेला तुझा," त्या लेकीला म्हणाल्या, "कडेचा."

लेकीने चहा घेतला. कप खाली ठेवून ती बोळात गेली आणि भिंतीला धरून दोनदा इकडून तिकडे चालली, पण चपला न काढताच. तिला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. जाताना ओळंबाला एवढंच म्हणाली, "बिल पाठवून द्या."

पुढे तीन आठवडे काही नाही. मग एका रविवारी सकाळी तिचाच फोन.

"ताई, माझ्या हॉलमध्ये आईसाठी काही करता येईल का? थोडंसंच. फार वाईट न दिसता."

"येईल की. पण तुमच्या बाबांना आणा. असल्या कामाचे कारागीर ते आहेत."

त्या मोठ्या, चकचकीत हॉलमध्ये त्यांनी सगळ्या मिळून पाचच फरश्या बदलल्या. हॉलच्या दारात एक खरखरीत, मधे दोन जराशा उंच, बाल्कनीच्या दोन पावलं अलीकडे दोन झुकत्या. लेक तोंडावर हात ठेवून बघत होती. मास्तरांनी शेवटची फरशी टेकवली, मूठ मारली आणि ओळंबाकडे बघितलं. ओळंबाने मान हलवली. काडी मोजायची तिला गरज वाटली नाही.

माल सुकल्यावर दोन दिवसांनी काकूंना आणलं. त्या दारात थबकल्या, खरखरीत फरशीवर तळवा घासला आणि निघाल्या. लेक दोन्ही हात पसरून मागे मागे, पण न शिवता. अर्ध्या वाटेत काकूंची चाल मंदावली, चेहरा कान दिल्यासारखा झाला, आणि मग त्या आपणहून बाल्कनीकडे वळल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे इकडून वारा येतो, हे मला ठाऊकच नव्हतं."