लॉन्ड्रीत जाऊन आलेला ग्लोव्ह

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी कॅचरचा जुना ग्लोव्ह आहे, आणि वास हा माझ्या अनुभवाचाच भाग आहे.

मूळचा मी एका म्हशीच्या पाठीवर राहत होतो. तिथलं फारसं आठवत नाही. माशा फार होत्या, एवढंच. पुढे एका कारखान्यात मला कापलं, आत जाड गादी भरली आणि चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या कडांतून चामड्याची वादी ओवून अशी करकचून आवळली, की अजूनही मला सैल बसता येत नाही. मग एका कॉलेजने मला मुलींच्या सॉफ्टबॉल संघासाठी घेतलं.

या खेळात पिचर चेंडू फेकते आणि बॅटर तो मारायला बघते. हुकला, तर तो मागे बसलेल्या कॅचरच्या हातात, म्हणजे माझ्या पोटात येतो. टाळ्या पिचरला मिळतात. वर्षानुवर्षं चेंडू झेलून माझ्यात छान खोलगट जागा तयार झाली. "काय मऊ झालाय गं हा!" म्हणत मुली मला गालाला लावायच्या. मग नवे ग्लोव्ह आले आणि मी सामानाच्या कपाटात, फाटक्या जाळीखाली गेलो. गालाला लावणाऱ्यांपैकी एकही भेटायला आली नाही.

या हंगामात मला बाहेर काढलं राखीव कॅचरने. तिला सगळ्या 'चुळबूळ' म्हणायच्या. बाकावर बसून तिचा एक पाय सारखा हलायचा, नखं दातांत असायची आणि प्रत्येक फेकीला ती माझ्या पोटात एक गुद्दा घालायची. सामना मैदानावर चालायचा आणि मार मी खायचो.

"मॅडम, मला कधी?" ती प्रशिक्षक मॅडमना विचारायची.

"बस."

"बसलेच आहे की!"

"मग नीट बस."

असा हंगाम सरला. संघ कधी जिंकला, कधी हरला. आम्ही दोघं बसलो. सेमीफायनलला मात्र पहिल्या कॅचरच्या अंगठ्यावर चेंडू आदळला आणि अंगठा टरारून सुजला. ती डावखुरी, त्यामुळे तिचा ग्लोव्ह उजव्या हातात बसणारा. चुळबुळीच्या काही कामाचा नाही. बाकीच्यांचे ग्लोव्ह पातळ. मॅडम म्हणाल्या, "रविवारी फायनलला तू. आणि हा म्हातारा."

चुळबुळीचा पाय हलायचा थांबला. आम्ही सगळेच घाबरलो.

तिची आई लॉन्ड्रीत कामाला होती. 'डाग निघणार नाही' हे वाक्य तिने आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला ऐकवलं नव्हतं. लेक फायनल खेळणार, चार लोक बघणार, आणि हातात हे असलं? लेक कॉलेजला गेल्यावर तिने मला उचललं आणि लॉन्ड्रीत नेलं. गरम पाणी, पावडर, ब्रश. मग कपडे वाळवायच्या तापलेल्या खोलीत मला टांगलं. शेजारी एक चादर होती. ती मजेत होती.

"बघ, कसा लख्ख केलाय!" संध्याकाळी आई म्हणाली.

चुळबुळीने हात आत घातला. मी मिटेना. माझा पुठ्ठा झाला होता.

"आई, काय केलंस हे?"

"धुतला. घाण वास मारत होता."

"मला विचारायचंस तरी! यात आता चेंडू राहील का? अख्खा हंगाम मी बाकावर काढला गं, या एका दिवसासाठी!"

एरवी आई कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. त्या दिवशी तिने गुपचूप तेलाची बाटली आणली आणि मांडी घालून मला मळायला घेतलं. बऱ्याच वेळाने विचारलं, "आणखी काय करावं लागतं?"

"झेलावं लागतं. खूप."

"मग ऊठ."

घराबाहेरच्या अरुंद बोळातच आईने चेंडू टाकायला सुरुवात केली. पहिलाच शेजारच्या काकांच्या दारावर धाडकन गेला.

"अहो, घंटी आहे की दाराला!" काका बाहेर येऊन म्हणाले.

"तुमच्याकडे काम नाहीये. दार लावून घ्या."

रविवारपर्यंत हेच. कामाला जाण्याआधी आणि आल्यावर आई चेंडू टाकायची. "डोळे मिटतेस तू," ती बजावायची. "तू आधी सरळ टाक!" लेक म्हणायची. जेवतानाही चुळबूळ मला हातात घालून उघडझाप करून बघायची. मी जीव तोडून वाकत होतो. पण चामडं एकदा रुसलं की लवकर मनावर घेत नाही.

फायनल. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे. त्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर, धाव पुरी करायला एकच टप्पा उरलेला, अशी टपलेली. शेवटच्या बॅटरचे दोन स्ट्राइक, म्हणजे दोन चेंडू हुकलेले. तिसरा मी झेलला की संपलं. सुटला, तर बॅटरला पहिल्या बेसकडे पळायची मुभा. ती चेंडूच्या आधी पोचली, तर तिसऱ्या बेसवरच्या मुलीची बरोबरीची धाव झालीच.

पिचरने फेकला. बॅट हवेत फिरली. चेंडू माझ्यात आला, मी मिटलो, पण किंचित उशिरा. टुणकन उडून तो मातीत पडला.

प्रेक्षकांत आईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

चुळबुळीने तोंडावरची जाळी भिरकावली, उघड्या हाताने चेंडू उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकला. बॅटरचा पाय पोचायच्या आत तो तिथे होता. आउट! सगळा संघ किंचाळत तिच्या अंगावर कोसळला.

आईने बोटांच्या फटीतून पाहिलं आणि धावत सुटली. "मारू नका गं तिला! चूक माझी आहे!"

"आई, जिंकलो!" ढिगाऱ्याखालून आवाज आला.

"पण पडला की! मी बघितला ना!"

"पडला. मग उचलला."

आई खाली बसली. मातीने माखलेल्या मला तिने उचललं. तिची बोटं शिवशिवत होती, मला कळत होतं. ती थांबली.

"पुसू का गं?" तिने लेकीला विचारलं.

"पूस. कोरड्या फडक्याने."

मित्रांनो, आम्हाला कपाटात कोंडू नका, तापवू नका, हे मी सांगणारच. जुन्या वस्तूंना दुसरा विषय नसतो. पण दुसऱ्याच्या जिवाभावाची वस्तू हातात घ्याल, तेव्हा आधी त्याला विचारा. आणि विचारायचं राहूनच गेलं, तर निदान समोर उभं राहून चेंडू टाका.