टम्म पोटाचा मासा

कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षं कामगारांच्या पिशव्या तपासून निवृत्त झालेल्या माणसाला एक साधा मासा काय फसवणार? जिवंत अळ्यांना चटावलेल्या त्या लाडोबाला पाकिटातले कोरडे दाणे खायला लावायचेच, असं त्याने ठरवलं होतं. रोज सकाळी तो दाणे टाकायचा आणि काचेला नाक लावून बसायचा. मासा दाण्याला शिवायचासुद्धा नाही. आठवडा उलटला, तरी स्वारीचं पोट टम्म!

"घरात कुणीतरी याला चोरून अळ्या चारतंय," त्याने बायकोला ऐकवलं. घरात दोघंच होती.

त्याने फ्रीज धुंडाळला, तिची पिशवी उलटी केली. काहीच सापडेना, तसा संशय आणखी बळावला. शेवटी फिरायला जातो म्हणून तो निघाला आणि मागच्या दाराने आत येऊन पडद्याआड उभा राहिला.

बायको ताट घेऊन टाकीजवळ बसली. त्याच पाकिटातला एक दाणा तिने पाण्यात टाकला आणि माशाकडे न बघता जेवायला लागली. माशाने दाणा गट्टम केला. तिने दुसरा टाकला, तोही गेला.

तो तावातावाने बाहेर आला. "मग माझ्यासमोर काय धाड भरते याला?"

मासा प्लास्टिकच्या झाडामागे पळाला. तिचा घास हातातच राहिला.

"असं डोळ्यांत तेल घालून घासावर नजर ठेवलीत, तर कुणाला गिळवेल?" ती ताट उचलत म्हणाली. "इतकी वर्षं मी तुम्ही बाहेर पडल्यावरच का जेवते, हे कधी तपासलंत?"