ठक, पाय, धोटा

"सर, हे व्हायोलिन एवढं जाडं काहून झालं?"

मित्रांनो, वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली म्हणून टीनाने हा प्रश्न विचारला होता. मागे खुशबू तोंड दाबून हसत होती. संगीताचे सुगत सर शांतपणे म्हणाले, "ते व्हायोलिन नाहीच. व्हायोला आहे. आता विचारलंसच, तर तूच वाजव."

असा मी टीनाच्या हाती आलो. वयाने जुना, अंगाने व्हायोलिनहून मोठा, आवाजाने खालचा, आणि यातल्या कशाचीही मला लाज वाटत नाही. रामपूरच्या कारागिराने माझी पाठ घासून गुळगुळीत केली. पुढे मी झाडीपट्टीच्या नाटकांत वाजलो. नायिका रडायला लागली की माझी जाड तार पुढच्या रांगेतल्या बायांना रडवायची. मग कीबोर्ड आला आणि मी आंधळगावच्या शाळेच्या कपाटात गेलो, लेझिमांच्या खाली. बारा वर्षं. पाल माझ्या पेटीत अंडी घालून गेली, पण मला बाहेर काढायला कोणी आलं नाही.

दोन वर्षं टीना आणि खुशबू माझ्यावर आळीपाळीने शिकल्या. टीनाकडे असलो की माझी पेटी तिच्या पलंगाखाली असायची. यंदा स्नेहसंमेलनासाठी सरांनी एक छोटा नाच वाजवायला दिला, तीन-तीन मात्रांचा. पहिली मात्रा वजनदार, पुढच्या दोन हलक्या. गंमत अशी, की तारांवर फिरवायचा गज एकदा खाली ओढायचा आणि एकदा वर ढकलायचा. मात्रा तीन, त्यामुळे वजनदार मात्रा कधी ओढण्यावर येते, कधी ढकलण्यावर. ओढताना जोर आपोआप येतो. ढकलताना टीनाचा हात नरम पडायचा आणि नाच लंगडायचा. मग तिने सगळ्याच मात्रांवर जोर दिला.

सर म्हणाले, "शनिवारपर्यंत जमलं नाही, तर तू शाळेच्या नव्या व्हायोलिनवर जा बेटा. हा जाईल परत कपाटात."

माझ्या चारही तारा ताणल्या गेल्या.

संध्याकाळी ती मला घरी घेऊन आली. तिचे बाबा गोमाजी हातमागावर कोशाचं रेशमी कापड विणत होते. दोन ओळी ऐकून म्हणाले, "हा नाच होय का पोरी? झेंडावंदन होऊन राहिलं."

"तिले वाजवू द्या, तुम्ही मागाकडे पाहा," सूत गुंडाळता गुंडाळता बेबीबाई, तिची आई, म्हणाली.

टीना रुसली. गज मांडीवर ठेवून मागाकडे बघत बसली. सूत घेऊन धोटा उजवीकडून डावीकडे पळाला. सूत घट्ट बसवायला फणी आपटली, ठक. गोमाजींनी पायाने मागाखालची पट्टी दाबली, धोटा डावीकडून उजवीकडे आला. फणी आपटली, ठक. धोटा कुठल्याही बाजूने येवो, फणीचा ठोका तेवढाच.

"बाबा, थांबू नका. चालवत राहा."

"मी कुठं थांबलो? तूच थांबली."

तिने मला खांद्यावर घेतलं. ठक, पाय, धोटा. ठक, पाय, धोटा. वर ढकलतानाही आधी हाताचं वजन तारेवर टेकवलं, मग गज चालवला. माझी जाड तार अशी बोलली की बेबीबाईचा पाय जमिनीवर ताल धरू लागला.

दुसऱ्या दिवशी तिने खुशबूला हेच शिकवलं. "तोंडानं ठक म्हण, लाजू नको." शनिवारी दोघींनी आळीपाळीने नाच वाजवला. सरांची चप्पल तालात हलत होती. मी कपाटातून सुटलो होतो. निदान मला तसं वाटलं.

घरी गोमाजी खूश होऊन म्हणाले, "एवढं जमलं, आता तं नवं व्हायोलिन भेटन ना तुले?"

मित्रांनो, वाजून आम्ही वाद्यं झिजतो, पण कपाटात आम्ही मरतो. तुमच्या शाळेतही असं एखादं कपाट असेल. उघडून बघा.

टीनाने माझी पेटी उचलून पोटाशी धरली.

"आई, बाबा, आयका. मले व्हायोलिन नको. मी हाच वाजवणार, दहावीतही. अन उन्हाळ्याच्या सुटीत सातवीच्या पोरींले हाच नाच शिकवणार. आजपासून याची पेटी पलंगाखाली राहणार नाही. तुमचं कोशाचं सूत जिथं ठेवता ना बाबा, तिथं ठेवीन. तिथं ओल येत नाही."